वळणात तेल कुठे जातं?

ट्रॅक डेला, म्हणजे रोजची गाडी रेसच्या ट्रॅकवर पळवायच्या दिवशी, पिटमध्ये परतलेला एखादा ड्रायव्हर हेल्मेट काढता काढता सांगतो, "त्या लांब उजव्या वळणात तेलाचा लाल दिवा जरासा चमकला. लगेच गेला पण." बॉनेट उघडलं जातं, डिपस्टिक पुसून पुन्हा घालून बघितली जाते. तेल दोन खुणांच्या मधोमध. गळती नाही, आवाज ठीक, टेंपरेचरचा काटा जागेवर. सगळे हुश्श करतात आणि गाडी पुढच्या सेशनच्या रांगेत लागते. मला हा प्रसंग फार खटकतो. ब्रेकचं पेडल जरा मऊ लागलं तरी हाच माणूस त्या दिवशी पुन्हा ट्रॅकवर जाणार नाही, टायरच्या दाबासाठी तो दर तासाला गेज काढेल, आणि हा लाल दिवा मात्र 'लगेच गेला' म्हणून विसरून जाईल.

तो दिवा लावणारा स्विच बहुतेक गाड्यांत तेलाचा दाब ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेला की काम करतो. गरम इंजिन आयडलवर असताना बारभर दाबही पुरतो, त्यामुळे रस्त्यावरच्या गाडीसाठी हा आकडा योग्यच आहे. पण सहा हजार आरपीएमला गोष्ट वेगळी असते. मेकॅनिक लोकांचा जुना ठोकताळा असा की दर हजार आरपीएममागे १० पीएसआय, म्हणजे साधारण ०.७ बार दाब हवा. सहा हजाराला चार बारच्या वर. म्हणजे दिवा चमकला तेव्हा जिथे चार बार हवा होता तिथे अर्धा बारही उरला नव्हता. या वेगाला क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, सेकंदाला १०० फेरे घेतो. दिवा अर्धा सेकंद लागला असेल तर ५० फेरे बिग एंडची बेअरिंगं जवळजवळ कोरडी फिरली. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या या बेअरिंगांवरच सगळ्यात आधी गदा येते, कारण तेल त्यांच्यापर्यंत शेवटी पोहोचतं: आधी मेन बेअरिंग, मग क्रँकमधल्या आडव्या छिद्रातून पुढे. बेअरिंग आणि क्रँक यांच्यात तेलाचा जो थर असतो तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षाही पातळ. तो फाटला की वरचा मऊ धातू घासून खालचा तांबूस थर दिसायला लागतो. आवाज त्या दिवशी येत नाही. तो कधीतरी, ऑफिसला जाताना येतो.

मग तेल पुरेसं असताना दाब गेला कसा?

पाण्याने भरलेली परात हातात घेऊन झटकन वळलं की पाणी एका काठाला चढतं, तसं सम्पमधलं, म्हणजे इंजिनाच्या तळच्या भांड्यातलं, तेल वळणात एका बाजूला चढतं. किती चढतं याचा हिशोब सोपा आहे. गाडी अर्धा जी जोराने (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका जोर) वळत असेल तर तेलाचा पृष्ठभाग सुमारे २७ अंशांनी कलतो, १ जीला बरोबर ४५ अंशांनी. रोजच्या रस्त्यावर आपण ०.३ ते ०.४ जीच्या पुढे क्वचित जातो आणि तेही क्षणभर. चांगल्या चिकट टायरवर ट्रॅकवरची गाडी १ जी सहज गाठते, आणि महत्त्वाचं म्हणजे तिथेच टिकून राहते. ६० मीटर त्रिज्येचं, १८० अंशांचं वळण १ जीने घेतलं तर वेग पडतो ताशी सुमारे ८७ किलोमीटर आणि वळण संपायला पावणेआठ सेकंद लागतात. एवढ्या वेळात पंप गप्प बसलेला नसतो. चढ्या आरपीएमला अनेक पंप मिनिटाला ४० लिटरच्या वर तेल फिरवतात, म्हणजे चार लिटरचा अख्खा साठा सहा सेकंदांत एकदा फिरतो. त्यातलं बरंचसं तेल सिलिंडर हेडमध्ये, भिंतींवर, परतीच्या वाटांमध्ये अडकलेलं. खाली उरलेलं तेल एका कोपऱ्यात ४५ अंशांवर चढलेलं. पिकअपची, म्हणजे पंपासाठी तेल ओढणाऱ्या नळीची, जाळी त्या कोपऱ्यात नसेल तर ती हवा ओढणार. पिकअप डावीकडे की उजवीकडे, सम्पचा खोल भाग पुढे की मागे, यावर कुठल्या गाडीला कुठलं वळण बाधतं ते ठरतं. काही इंजिनांना वळणापेक्षा जोरदार ब्रेकिंग अवघड जातं, कारण तेल सगळं पुढे धावतं.

म्हणून रोजच्या गाडीचं इंजिन ट्रॅकसाठी तयार करायचं म्हटलं की लोक एअर फिल्टर, एक्झॉस्ट आणि रीमॅप (इंजिनाच्या संगणकाचा प्रोग्राम बदलणं) यांपासून सुरुवात करतात ते मला पटत नाही. इंजिनात ताकद पुरेशी असते. त्याला तेल हवं, आणि पोटातली उष्णता बाहेर काढायला वाट हवी. आणि ही गाडी सोमवारी सकाळी थंड इंजिनावर एका फटक्यात सुरू व्हायला हवी, ट्रॅफिकमध्ये तासभर उभी राहायला हवी. नुसत्या रेसिंगच्या गाडीत जे बिनदिक्कत करता येतं ते इथे चालत नाही, आणि खरं कसब तिथेच लागतं.

पहिला खर्च मी ऑइल प्रेशर गेजवर करायला सांगेन. लाल दिव्याच्या भरवशावर राहू नका. दाबाचा आणि तापमानाचा असे दोन सेन्सर ऑइल फिल्टर आणि ब्लॉक यांच्यामध्ये बसणाऱ्या सँडविच प्लेटवर लावता येतात. दाबाचा सेन्सर जड असतो. तो पितळी टी-जोडावर ब्लॉकला थेट लटकवला तर कंपनाने जोडाच्या आट्यांपाशी तडा जातो आणि सगळं तेल काही सेकंदांत एक्झॉस्टवर सांडतं. छोट्या होजने तो बाजूला नेऊन बॉडीवर घट्ट बसवावा. काट्याकडे वळणात कुणाचं लक्ष जात नाही, म्हणून मोठा दिवा किंवा बझर लावा आणि तो आरपीएमशी जोडलेला असू द्या: चार हजाराच्या वर दाब अडीच बारखाली गेला की वाजला पाहिजे. डेटा लॉगर असेल तर त्याहून उत्तम. दाबाची रेघ आणि बाजूच्या जीची रेघ एकाखाली एक ठेवली की तुमची गाडी कुठल्या वळणाला तेल सोडते ते काळ्यावर पांढरं दिसतं. दाब वळणाच्या शेवटी हळूहळू उतरत असेल तर तेल संपत आलंय. तो मध्येच कोसळून लगेच वर येत असेल तर पिकअपने हवा ओढली. दाब सगळीकडेच कमी आणि तापमान वाढेल तसा आणखी कमी, तर तेल पातळ झालंय किंवा बेअरिंगं झिजली आहेत.

त्यानंतर तेलाची पातळी. सपाट जागी, गरम इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबून, वरच्या खुणेला टेकेल एवढं तेल. 'मधोमध' ट्रॅकसाठी पुरत नाही, कारण बहुतेक गाड्यांत दोन खुणांमध्ये साधारण एक लिटरचा फरक असतो आणि मधोमध म्हणजे अर्धा लिटर कमी. काही इंजिनांत वरच्या खुणेपेक्षा ३००-५०० मिली जास्त घालतात आणि त्याचा फायदा होतो. पण हे ज्याला त्याला लागू नाही. पातळी क्रँकच्या वजनांपर्यंत पोहोचली तर ती तेल घुसळतात, फेस होतो, आणि फेसाळ तेल पंपाला हवेइतकंच निरुपयोगी. वरून ते ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून, इनटेकमध्ये जातं. तुमच्या इंजिनावर इतरांनी काय अनुभव घेतलाय हे कळल्याशिवाय जास्त तेल घालू नका.

खरा उपाय सम्पच्या आत असतो. पिकअपभोवती पत्र्याची चौकट आणि तिला एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा: तेल आत येऊ शकतं, बाहेर जाऊ शकत नाही. अनेक इंजिनांसाठी असे बॅफल तयार मिळतात आणि रस्त्यावर त्यांचा काडीचाही तोटा नाही, म्हणून ट्रॅकवर जाणाऱ्या रोजच्या गाडीत, गेजनंतर, मला हा बदल सर्वांत पहिला वाटतो. पण बसवताना दोन गोष्टींवर काम बिघडतं. एक, पिकअपची जाळी आणि सम्पचा तळ यांतलं अंतर. मूळ अंतर मोजून ठेवा. सहसा ते ६ ते १० मिलिमीटर असतं. नव्या गॅस्केटमुळे किंवा वाकलेल्या पत्र्यामुळे ते वाढलं तर पिकअप लवकर उघडा पडतो, कमी झालं तर पंपाची घुसमट होते. दुसरं, सिलिकॉन सीलंट. तीन मिलिमीटरची सलग रेघ पुरे. हात सैल सोडून जाड रेघ ओढली की बोल्ट आवळताना ती आतल्या बाजूला फुगते, वाळते, तिचे तुकडे सुटतात आणि थेट पिकअपच्या जाळीवर जाऊन बसतात. तेल वाचवायला म्हणून सम्प उघडला आणि त्यामुळेच इंजिन गेलं, असं होऊ शकतं. बोटाने चाचपून बघा, आत आलेला गोळा कापून काढा, आणि सीलंटला त्याच्या डब्यावर लिहिलेला वेळ द्या. घाईने तेल ओतू नका.

बॅफलनेही भागत नसेल तर दाब साठवणारी टाकी, म्हणजे अ‍ॅक्युम्युलेटर. दोन-तीन लिटर तेल हवेच्या दाबाखाली ठेवायचं, दाब पडला की ते आपोआप इंजिनात येतं आणि ते चार-पाच सेकंद निभावून नेतं. ड्राय सम्पमध्ये तर तेल इंजिनाखाली ठेवतच नाहीत, वेगळ्या उंच टाकीत ठेवतात. एअर-कूल्ड पोर्शे ९११ ला तो सुरुवातीपासून होता आणि २००६ च्या कॉर्व्हेट झी०६ मध्ये कारखान्यातूनच आला. साध्या रोजच्या गाडीत तो उभा करायचा म्हणजे पंप, टाकी, पाइप, पट्टा, सगळाच संसार नव्याने मांडावा लागतो. वर्षातून काही ट्रॅक डे करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तेल कुठलं, यावर वाद घालायला लोकांना आवडतं. डब्यावरच्या ५डब्ल्यू-३० मधल्या तीसपेक्षा मला दुसराच, क्वचित नजरेस पडणारा आकडा महत्त्वाचा वाटतो: १५० अंशांना, बेअरिंगमधल्या ताणाखाली तेल किती दाट राहतं तो. तांत्रिक पत्रकावर तो एचटीएचएस नावाने असतो. मानकाप्रमाणे २० ग्रेडच्या तेलाला किमान २.६, ३० ला २.९, आणि ०डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-४० ला ३.५. आजकालच्या गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी ०डब्ल्यू-२० भरतात. शंभर अंशांवर ते उत्तम काम करतं. ट्रॅकवर तेल १२०-१३० ला जातं आणि तिथे हा पातळपणा अंगाशी येतो. एक पायरी वर जावं, चांगलं सिंथेटिक घ्यावं, आणि मॅन्युअलमध्ये ती पायरी मान्य आहे का ते बघावं. पुष्कळदा त्याच पानावर दोन-तीन ग्रेड दिलेले असतात. एकदम २०डब्ल्यू-५० वर उडी मारू नये. थंड इंजिनात ते वर पोहोचायला वेळ लावतं आणि रोज सकाळी हेडमधले भाग तेवढा वेळ कोरडे घासतात. शिवाय व्हॉल्व्ह टायमिंग बदलणारी यंत्रणा तेलाच्या दाबावर चालते, ती जाड तेलात सुस्तावते. ट्रॅकवर वाचवलेलं रोजच्या थंड सुरुवातींत गमवायचं, यात शहाणपण नाही.

ऑइल कूलरलाही हाच न्याय. तेल १०० ते १२० अंशांत असेल तर काहीच करायची गरज नाही, १३० ओलांडून चढतच राहिलं तर कूलर लागतो. तो थर्मोस्टॅटशिवाय बसवू नका. थर्मोस्टॅट नसलेला कूलर ट्रॅकवर छान चालतो आणि रोजच्या पंधरा मिनिटांच्या फेरीत तेलाला साठ-सत्तर अंशांच्या वर जाऊच देत नाही. तेलात उतरलेलं पेट्रोल आणि बाष्प उडून जायला ते नव्वद-शंभरापर्यंत तापायला लागतं. नाही तापलं तर ऑइल कॅपच्या आत पिवळट साय जमते. साधारण ८० अंशांना उघडणारा थर्मोस्टॅट असलेली सँडविच प्लेट घ्या. आणि विणलेल्या स्टीलचे पाइप कुठेही टेकू देऊ नका. ते दिसायला देखणे असतात, पण कंपनाने शेजारचा रबर, वायर, प्रसंगी अ‍ॅल्युमिनियमसुद्धा करवतीने कापावं तसं कापतात. दर ठिकाणी रबराचं अस्तर असलेली क्लिप.

आता पाण्याकडे वळू. इंधनातल्या उष्णतेचा ढोबळ एक तृतीयांश भाग चाकांकडे जातो, एक तृतीयांश एक्झॉस्टमधून आणि उरलेला कूलंटमध्ये. सपाट रस्त्यावर शंभरच्या वेगाला मध्यम गाडीला १५ किलोवॅटच्या आसपास पुरतात. तीच गाडी ट्रॅकवर पूर्ण एक्सलरेटर दाबून शंभर किलोवॅट काढते तेव्हा तेवढीच उष्णता रेडिएटरला बाहेर टाकावी लागते, आणि हे वीस मिनिटं चालतं. मोठा रेडिएटर आणण्याआधी आहे त्याच्यातून हवा खरंच जाते का, हे बघावं. हवा सोपी वाट शोधते. बंपरच्या तोंडातून आत आलेली हवा रेडिएटरच्या बाजूच्या, वरच्या, खालच्या फटींतून निसटते आणि जाळीतून थोडीच जाते. टॉर्च घेऊन समोरून बघा, जिथे जिथे मागचा उजेड दिसतो तिथे फोमची पट्टी किंवा पातळ प्लॅस्टिकचा पत्रा लावा. एका दुपारचं काम आहे आणि त्याने जो फरक पडतो तो महागड्या सुट्या भागांनीही कधी कधी पडत नाही. इंजिनाखालचं प्लॅस्टिकचं ताट काढून टाकण्याची चूक करू नका. 'हवा लागेल' म्हणून लोक ते काढतात. प्रत्यक्षात ते असतं म्हणून रेडिएटरच्या मागे दाब कमी राहतो आणि हवा ओढली जाते. ते काढलं की खालून घुसलेली हवा बाहेर जाणाऱ्या हवेची वाट अडवते. होंडाने २०२० च्या सिव्हिक टाइप आरमध्ये ग्रिलचं तोंड १३ टक्क्यांनी मोठं केलं आणि रेडिएटरचा गाभा बदलला, इंजिन तेच. एवढ्या तयारीच्या गाडीच्या बाबतीतही हवेच्या वाटेवर पुन्हा काम करावं लागलं.

पाण्याची वाट इंजिनाच्या आतसुद्धा बघावी लागते. माझदा मियाटाच्या पहिल्या दोन पिढ्या हे याचं सुंदर उदाहरण. त्यांचं इंजिन मूळ ३२३ या फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडीतलं, आडवं बसणारं. मियाटात ते उभं बसवताना कूलंटचं बाहेर पडण्याचं तोंड मागच्या टोकाकडून पुढच्या टोकाकडे आणलं, म्हणजे पाणी आत जिथे शिरतं त्याच बाजूला. परिणामी मागच्या चौथ्या सिलिंडरपाशी पाणी रेंगाळतं, हीटरच्या पाइपातून जेवढं वाहील तेवढंच. रस्त्यावर हे कुणाला जाणवत नाही. ट्रॅकवर जोर काढणारे मात्र बाहेरचं तोंड पुन्हा मागे नेतात, ज्याला कूलंट रीरूट म्हणतात, आणि चारही सिलिंडर एकसारखे गार राहतात. मोठा रेडिएटर लावून हा प्रश्न सुटला नसता.

रेडिएटरची झाकणी ही सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. साधं पाणी १०० ला उकळतं, १.१ बारच्या झाकणीखाली १२०-१२२ ला, आणि निम्मं कूलंट मिसळलेलं त्याहून थोडं वर. स्प्रिंग थकून झाकणी अर्ध्या बारलाच सोडायला लागली तर दहा अंशांची सवलत गेली. अशा वेळी उकळी आधी फुटते ती एक्झॉस्ट व्हॉल्व्हभोवती, जिथे धातू सगळ्यात तापलेला असतो. तिथे वाफेचा बुडबुडा बसतो, वाफ उष्णता वाहून नेत नाही, तेवढीच जागा आणखी तापते आणि नॉकिंग, म्हणजे पेट्रोल चुकीच्या वेळी आपोआप पेटणं, सुरू होतं. काटा मात्र मधोमधच. बहुतेक गाड्यांतला टेंपरेचरचा काटा साधारण ८० ते ११० मध्ये हलूच नये असा बनवलेला असतो, ड्रायव्हरने विनाकारण घाबरू नये म्हणून. खरा आकडा ओबीडी सॉकेटमधून, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमधून वाचा. १०५ पर्यंत निर्धास्त, ११० ला वेग कमी, ११५ ला सेशन सोडून द्या. जिथे गोठण्याची भीती नाही तिथे कूलंट ५० ऐवजी ३० टक्के ठेवून बाकी डिस्टिल्ड पाणी घातलं तर मिश्रण जास्त उष्णता वाहून नेतं. निव्वळ पाणी रोजच्या गाडीत नको, गंज धरतो आणि पंपाच्या सीलला वंगण मिळत नाही. कमी अंशांचा थर्मोस्टॅट बसवून गाडी गार होईल ही समजूत चुकीची आहे. तो फक्त लवकर उघडतो. पूर्ण उघडल्यावर रेडिएटरला जे पेलवत नाही ते तसंच पेलवत नाही.

होजपाइप बोटांनी दाबून बघा. टोकाशी फुगलेला, आत कुरकुरणारा किंवा तेलाने मऊ पडलेला असेल तर बदला. कंपनीच्या स्प्रिंगच्या क्लिपा काढून स्क्रूच्या लावण्याची गरज नाही, रबर दबलं तरी स्प्रिंग ताण कायम ठेवते. प्लॅस्टिकच्या टाक्या असलेला रेडिएटर दहा-बारा वर्षं जुना असेल तर धातू आणि प्लॅस्टिकच्या जोडावर पांढरट डाग दिसतात का ते निरखा. ती गळतीची खूण.

टर्बो असेल तर आणखी एक गोष्ट. डायनोवरची, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावरची, एक ओढ दहा-पंधरा सेकंदांत संपते. त्या आकड्यांवर केलेला रीमॅप ट्रॅकच्या सहाव्या लॅपला, टर्बोची हवा गार करणारा इंटरकूलर तापलेला असताना, सुरक्षित राहील याची खात्री नसते. इनटेकची हवा साठ अंशांवर गेली की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, स्पार्क मागे घेतो आणि गाडी मंदावते. ते इंजिन स्वतःला वाचवतंय, त्याला वाचू द्यावं. मॅन्युअलला चालेल तेवढ्या जास्त ऑक्टेनचं पेट्रोल घाला. रीमॅप केलेला असेल तर स्पार्क प्लग एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर सोडणारा. एनजीकेमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, बॉशमध्ये उलट. दुकानात घोळ नेमका इथेच होतो. कंपनीच्याच मॅपवर असाल तर मूळ प्लग नवे घाला आणि सोडून द्या, कारण थंड प्लग रोजच्या हळू ड्रायव्हिंगमध्ये काजळी धरतो.

ब्रीदरचं प्रकरण थोडक्यात सांगतो. चढ्या आरपीएमला पिस्टन रिंगांवरून निसटणारा वायू वाढतो आणि तेलाचे थेंब घेऊन इनटेकमध्ये जातो, त्याने पेट्रोलची नॉकिंग रोखण्याची ताकद कमी होते. आत जाळी असलेला, बंद कॅच कॅन, म्हणजे हे थेंब अडवणारा डबा लावावा, पाइप मूळच्यापेक्षा बारीक नको. रोजच्या वापरात त्यात तेलापेक्षा पाणी जास्त जमतं. कडाक्याच्या थंडीत ते गोठून वाट बंद झाली तर आतल्या दाबाने क्रँकचं सील बाहेर येतं. म्हणून हिवाळ्यात पंधरा दिवसांनी डबा रिकामा करा.

इंजिन माउंटिंगचा विषय मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो इंजिनाचा वाटत नाही. रेव्ह लिमिटर पेट्रोल तोडतो, पण चाकांनी इंजिन ओढलं तर त्याचं काही चालत नाही. तिसऱ्या गीअरमध्ये ६५०० ला असताना चौथ्याऐवजी दुसरा पडला, आणि तिसऱ्याचं गुणोत्तर १.३ व दुसऱ्याचं १.९ असेल, तर क्लच सोडताक्षणी इंजिन ९५०० ला जातं. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा त्यांना वेळेत मागे आणू शकत नाहीत आणि पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. थकलेल्या रबरी माउंटिंगवर इंजिन वळणात आणि ब्रेकिंगमध्ये हलतं, त्याबरोबर गीअरची यंत्रणा सरकते आणि हात नेहमीच्या जागी गेला तरी गीअर चुकीचा पडतो. पॉलियुरेथेनची कडक माउंटिंगं ट्रॅकवर सुखाची, पण सिग्नलला उभं राहिलं की डॅशबोर्ड थरथरतो आणि घरचे तक्रार करतात. मूळ रबराची नवी कोरी माउंटिंगं, हा मला मधला आणि योग्य मार्ग वाटतो. चौथा टाकताना मूठ आवळू नका, तळव्याने हलकं ढकला, गीअरबॉक्सच्या स्प्रिंगा त्याला मध्यावर आणतात.

ट्रॅकवर कूलंट पाच मिनिटांत तापतं, तेलाला दुप्पट वेळ लागतो. ते ८० अंशांवर येईपर्यंत चार हजाराच्या वर जाऊ नये. टाकी अर्ध्याखाली गेली की वळणात पेट्रोलही पिकअपपासून दूर पळतं आणि इंजिन अडखळतं. टर्बो गाडीत त्या क्षणी मिश्रण विरळ होऊन पिस्टन जळू शकतो. रेडलाइनच्या तीन-चारशे आरपीएम आधी गीअर बदललात तर लॅपचा वेळ फारसा वाढत नाही आणि तेल बरंच गार राहतं. शेवटचा लॅप वरच्या गीअरमध्ये, तीन हजाराखाली, ब्रेक जवळजवळ न वापरता. पिटमध्ये आल्यावर मिनिट-दोन मिनिटं आयडलवर, बॉनेट उघडं.

घरी परतल्यावर, तेल बदलताना जुना फिल्टर फेकून देऊ नका. फिल्टर कापायचं हत्यार मिळतं, त्याने डबा उघडा. हॅकसॉ वापरला तर त्याचाच कीस आत पडून सगळा तपास फसतो. आतला कागद पंख्यासारखा उलगडा, तेल निथळू द्या आणि उन्हात तिरका धरून बघा. चार-दोन बारीक चमकणारे कण कुठल्याही इंजिनात सापडतात. चुंबकाला चिकटणारे लोखंडी, रुपेरी आणि न चिकटणारे बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचे. तांबूस किंवा पितळी झाक असलेली पापुद्र्यासारखी चकाकी मात्र बेअरिंगची असते, ती दिसली की गाडी ट्रॅकवर न्यायची नाही आणि ऑफिसलाही नाही. सम्प उतरवून बिग एंड उघडायचे. तिथे नवी बेअरिंगं घालून काम भागतं. आवाज येईपर्यंत थांबलात तर क्रँकच बदलावा लागतो. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत द्यायचा असेल तर गरम तेल अर्धं वाहून गेल्यावर, मधल्या धारेतून शंभरेक मिली घ्या. तांबं आणि शिसं बेअरिंगचं, सिलिकॉन एअर फिल्टरमधून निसटलेल्या धुळीचं किंवा नव्या सीलंटचं, सोडियम किंवा पोटॅशियम कूलंटचं. एका नमुन्यावरून घाबरू नका, तीन-चार नमुन्यांत आकडा चढतोय का ते बघा. तेल किती दिवसांनी बदलायचं हे किलोमीटरवर ठरवता येत नाही. १२० च्या आत राहिलं असेल तर तीन ट्रॅक डे चालतं, १३० ओलांडलं असेल तर लगेच काढावं. नव्या फिल्टरवर मार्करने तारीख आणि त्या दिवशी दिसलेलं सर्वांत जास्त तापमान लिहून ठेवलं की पुढच्या वेळी हा निर्णय आठवणीवर सोडावा लागत नाही.